आफ्रिकेला गाडी पाठवताय? दोघांत एक कंटेनर की आपला वेगळा

कार्नेट (गाडी परदेशात तात्पुरती नेण्यासाठीचा कस्टम्सचा कागद) हातात आलं, आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, निघालं, आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळालं, की न्हावा शेव्याला जाण्याआधी एक निर्णय उरतो. सोबतच्या गाडीबरोबर चाळीस फुटी कंटेनर वाटून घ्यायचा, की आपल्यापुरता वीस फुटी? मी एकाच सफरीत दोन्ही केलं. जाताना मोंबासापर्यंत मित्राची आणि माझी गाडी एकत्र गेली. परतीला तो दार-ए-सलामहून लवकर निघाला आणि माझी गाडी डर्बनहून वीस फुटीत एकटी आली.

पैशांचा हिशेब वाटून घेण्याच्या बाजूने आहे, हे आधीच मान्य करतो. चाळीस फुटीचं भाडं सहसा वीस फुटीच्या दुप्पट नसतं, त्यामुळे माणशी खर्च कमी येतो. कागदही वरवर पाहता कमी लागतात: एक बुकिंग, एक बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनी माल घेतल्याची देते ती पावती, पुढे नुसतं ‘बिल’), भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा एकच दाखला. (हा व्हीजीएम १ जुलै २०१६ पासून सक्तीचा आहे, त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.) टपावर तंबू बसवलेली उंच गाडी असेल तर निवडीला फारसा वावच नाही. साध्या वीस फुटीचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं, चाळीस फुटी हाय क्यूबचं, म्हणजे जादा उंच कंटेनरचं, २.५८ मीटर.

मग अडलं कुठे? मित्राच्या चासी नंबरात एका ठिकाणी शून्य होतं. एजंटाच्या ऑफिसात बिल टाइप करताना तिथे इंग्रजी ‘ओ’ पडला. कार्नेटवर शून्य, गाडीवर शून्य, बिलावर ‘ओ’. मोंबासाला कागद जुळेनात, आणि ते जुळल्याशिवाय गाडी सोडणार नाही हे तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं रास्तच होतं. बिल मुंबईत निघालेलं, तेव्हा दुरुस्तीही मुंबईतूनच व्हायची. मध्ये शनिवार-रविवार आला. माझे सगळे कागद चोख होते, पण सील एकच, बिल एकच, आणि माझी गाडी आतल्या बाजूला, त्याची दाराशी. कंटेनर बंदरात फुकट ठेवता येतो ते दिवस संपले, डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, सुरू झालं. सहा दिवस आम्ही बंदराजवळच्या लॉजमध्ये बसून होतो. भाड्यात वाचवलेल्या पैशांतला मोठा भाग तिथेच गेला. त्याहून वाईट वाटलं ते मित्राकडे पाहून. चूक त्याची नव्हती, तरी तो रोज माझी माफी मागत होता. अशा प्रवासात सोबत्यावर ही वेळ येऊ नये.

एका कंटेनरवर दोघांची वेगळी बिलं काढून घेता येतात, पण त्याने फारसं साधत नाही. दोन्ही बिलं हजर होईपर्यंत सील तुटत नाही, म्हणजे दुसऱ्याचं अडलं की आपलंही अडतं.

डर्बनहून येताना खर्च जास्त आला, आणि धावपळही सगळी एकट्याची होती. मालाची यादी, वजन, बॅटरी काढल्याची आणि टाकीत नावापुरतं इंधन असल्याची नोंद, वाहनासाठी मागतात तो यूएन ३१६६ चा (धोकादायक मालाच्या यादीतला वाहनांचा क्रमांक) जाहीरनामा, सगळं मीच पाहिलं. पण स्टोव्ह कोणाचा, जादा टायर कोणाचा, असा प्रश्न यादीत उरला नाही. न्हावा शेव्याला एकच कार्नेट तपासायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी पनवेलच्या रस्त्याला लागलो होतो.

माझा अनुभव एका सफरीचा आहे, तो सगळ्यांना लागू होईलच असं नाही. कागदाच्या बाबतीत काटेकोर सोबती असेल, बजेट ताणलेलं असेल, तर वाटून घेणंही चालेल. मला विचाराल तर गाडी दारातून जात असेल तोवर मी वीस फुटीच घेईन.

वाटून घेणार असाल तर बिलाचा मसुदा जहाज सुटायच्या आधी दोघांनी एकमेकांचा वाचा, आपापला नको. सतरा अक्षरी चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. मसुद्यात त्यांतलं एकही दिसलं तर तिथेच थांबा. इंजिन नंबराला हा नियम लागू नाही, तो थेट गाडीवरून उतरवून घ्या. नावाचंही पाहा. आपल्याकडे बऱ्याच आरसींवर आडनाव आधी येतं आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर क्रम वेगळा. कार्नेटचा अर्ज भरतानाच पासपोर्टचा क्रम धरा आणि बिलावर अक्षरन् अक्षर तोच घ्यायला लावा. मसुद्यावर ‘ठीक आहे’ असं कळवलंत की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला फी आहे आणि दिवसही जातात.