शुगर, थायरॉइड आणि प्रेग्नन्सी : जॉइंट ओपीडी भारी, वॉर्ड मात्र...

मला कॉलेजपासून टाइप १ डायबेटिस, सोबतीला थायरॉइड. त्यामुळे दिवस राहिल्यावर हाय-रिस्कवालं हॉस्पिटल गाठलं, तिथे गायनॅक आणि शुगरचे डॉक्टर एकाच खोलीत, एकाच वेळी बसतात. ऐकायला काही विशेष वाटणार नाही पण ज्यांनी दोन डॉक्टरांमध्ये हेलपाटे घातलेत त्यांना कळेल. आधी दाखवायचे तिथे गायनॅक म्हणणार गोळीचं फिजिशियनना विचारा, फिजिशियन म्हणणार प्रेग्नन्सी आहे ना मग गायनॅकना विचारा, आणि गोळी घ्यायची की नाही ते शेवटी माझं मी ठरवायचं.

इथे पहिल्याच दिवशी सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली. किडनी जपायला रामिप्रिल चालू होती ती तिथल्या तिथे बंद, कारण बाळाला ती चालत नाही. थायरॉइडचा डोस लगेच वाढवला, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर ४ आठवड्यांनी, आणि आयर्न-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवायच्या (इतकी वर्षं गोळी घेतेय, हे कोणी सांगितलंच नव्हतं!). फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं, ते खरंतर दिवस राहायच्या आधीपासूनच हवं असतं. १२ आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन, डायबेटिसवाल्यांना प्रीएक्लॅम्प्सियाचा (प्रेग्नन्सीत बीपी वाढून होणारा त्रास) धोका जास्त म्हणून. डोळ्यांचा पडदा, बाळाच्या हृदयाचा इको, सगळ्याच्या अपॉइंटमेंट तेच लावून देतात.

पण खरी जान म्हणजे तिथल्या डायबेटिसच्या सिस्टर. रीडिंग मेसेजवर पाठवायचे, उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवल्यावर तासाने १४० च्या आत, वर गेलं की त्या डॉक्टरांना विचारून डोस कळवणार. सुरुवातीच्या महिन्यांत शुगर अचानक खाली जाते, रात्री उशाशी ग्लुकोज ठेवा हे त्यांनी आधीच बजावलेलं, आणि तसंच झालं. शेवटी शेवटी इन्सुलिन जवळजवळ दुप्पट झालं तेव्हा माझा धीर सुटला तर म्हणाल्या, "अहो ताई, हे वारेचे (प्लॅसेंटाचे) हार्मोन्स आहेत, तुमचं काही चुकत नाहीये."

वेटिंग भयंकर. इन्सुलिन घेणाऱ्या बायका तासन्‌तास बसलेल्या, त्यामुळे खायला काहीतरी जवळ ठेवाच.

आता वॉर्ड. वार पडली की इन्सुलिनची गरज झपकन उतरते, म्हणून डिलिव्हरीनंतरचा कमी डोस फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. तरी रात्रीच्या ड्युटीवाल्यांनी जुनाच डोस आणला, नवऱ्याने फाइल उघडून ते पान पुढे केलं म्हणून निभावलं. जॉइंट ओपीडीतलं कोणीही वॉर्डात फिरकत नाही आणि वॉर्डातलं कोणी फाइल वाचत नाही असा कारभार. घरी आल्यावर तर आणखी कमाल, अंगावर पाजताना शुगर खाली जायला लागली म्हणून सिस्टरना मेसेज केला तर उत्तर आलं की हा नंबर डिलिव्हरीपर्यंतच, पुढची तपासणी ६ आठवड्यांनी. म्हणजे जेव्हा झोप नाही, जेवणाची वेळ नाही, नेमकं तेव्हाच विचारायला कोणी नाही.

ओपीडीला ५ पैकी ५, वॉर्डला २, तेही आयाबायांनी बाळाचं प्रेमाने केलं म्हणून. दाखवणार असाल तर खुशाल दाखवा, फक्त डिलिव्हरीनंतरच्या इन्सुलिनच्या पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या आणि थायरॉइडचा डोस आता किती हे डिस्चार्जच्या आधी लिहून मागा, आपणहून सांगत नाहीत.