अर्ध्या किलोलाही मान देणारं दुकान

मटणाच्या रश्शात बटाटा घालतो हे कोल्हापुरात कुणी चारचौघांत सांगत नाही. खानावळीत तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्यांवर वाट्या येतात, तिथं बटाट्याची फोड वर आली तर गिऱ्हाईक मालकालाच बोलावून घेईल. घरातला हिशेब वेगळा. खाणारी सहा माणसं, किलोचा भाव सातशेच्या घरात, म्हणजे अर्धा किलो मटण आणि अर्धा किलो बटाटा. आमच्या आत्तींनी (सासूबाईंनी) असंच घर चालवलं, मीही तेच करते. तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मटणाच्या दुकानाबद्दल लिहितेय ते बटाटा घालणाऱ्या बाईच्या बाजूनं.

अर्धा किलो म्हटलं की काही ठिकाणी चेहरे बदलतात. आधी किलोवाल्यांचं उरकायचं, मग उरलेली चरबी, पडदे आणि काळजाचा एखादा तुकडा मिळून आपलं वजन भरायचं. या दुकानात मामा पहिला प्रश्न विचारतात, "वहिनी, रस्सा का सुकं?" रस्सा म्हटलं की हात आपोआप मानेकडं आणि बरगडीकडं जातो. बटाट्याच्या रश्शाला हेच लागतं. नुसती मऊ मांडी घेतली तर पाण्याला चव उतरत नाही आणि बटाटा पिठूळ लागतो. हाडं असली की ती चव बटाटा पिऊन घेतो. एक नळी न मागता टाकतात, तिच्यावरून घरी भांडणं होतात ते वेगळं.

त्यांचं तोडणं बघण्यासारखं आहे. आधी सुरीच्या टोकानं सांधा चाचपतात, तिथं चीर देतात आणि मग सत्तूर एकदाच पडतो. त्यामुळं रश्शात हाडाची कुसळं येत नाहीत. घरात लहान पोरं जेवायला असली की याची किंमत कळते. मटण शेळीचं नाही, बोकडाचंच आहे हे दाखवणारी खूण शेवटपर्यंत ठेवलेली असते, विचारायची गरज पडत नाही.

आता त्या अर्ध्या किलोचं मी काय करते ते सांगते. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावायचं, कांद्यावर परतायचं आणि गरम पाणी घालून कुकरला लावायचं. पाच शिट्ट्या पुरतात. झाकण उघडल्यावर पोरांसाठी दोन वाट्या आळणी (बिनतिखटाचं मटणाचं पाणी) आधी बाजूला. मग कढईत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि कोथिंबिरीचं वाटण. खसखस महाग, मी घालत नाही, आणि आजवर कुणी विचारलेलं नाही. वाटणाला तेल सुटलं की घरची कांदा-लसूण चटणी. आमच्या चटणीत रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी असते. विकतच्या पाकिटानं रंग येतो, पण दुसऱ्या दिवशी रस्सा ओशट लागतो.

बटाटा कुकरमध्ये घालायचा नाही. एवढं एक माझं ऐका. सालं काढून एकाचे चारच तुकडे करायचे आणि मटण शिजल्यावर रश्शात सोडायचे. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत सुरी सहज आत जाते, कडा तेवढ्या विरघळतात. शेवटी एक फोड पळीनं तिथंच चेचायची. रस्सा दाट होतो आणि कट (लाल तेलाचा तवंग) वर तसाच राहतो. सोबत ज्वारीची भाकरी. आमच्या घरात धाकटा आधी बटाटे वेचतो आणि मटण आजोबांच्या ताटात सरकवतो.

भावाबद्दल तक्रार करून उपयोग नाही. 2019 च्या शेवटी दरवाढीवरून कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. मटणासाठी आंदोलन करणारं गाव आहे हे! पण तेव्हाचा भाव आज ऐकला तर स्वस्त वाटेल. या दुकानाचा दर आसपासच्या दुकानांसारखाच आहे, फळ्यावर लिहिलेला असतो आणि काटा गिऱ्हाईकाकडं तोंड करून ठेवलेला असतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काळ्या पातळ पिशव्या बंद करा म्हणून कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत; डबा घेऊन जावं हे बरं. खिमा हातानं करून देतात, पण गर्दी असली की सरळ नाही म्हणतात. दोन दुचाक्या उभ्या राहिल्या की गल्ली बंद. आणि रविवारी जाऊच नका. आमच्यात रविवार जोतिबाचा, त्या दिवशी मटण नाही, त्यामुळं आम्ही तसेही बुधवारवाले. बुधवारी सकाळी नऊच्या आत गेलं तर मामांना बोलायला वेळ असतो आणि मान शिल्लक असते.

पाचपैकी चार तारे. वजडी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, साफ करून देतात.