जांभळी नाक्याजवळचे तबलेवाले काका : पाचपैकी चार स्टार

एक स्टार कापलाय, कारण 'चार दिवसांत देतो' म्हणाले आणि तबला मिळाला अकराव्या दिवशी. फोनही उचलत नाहीत. बाकीचं जरा सविस्तर सांगतो.

माझी तबला-डग्ग्याची जोडी एकोणीस वर्षं माळ्यावर होती. नौपाड्यात क्लासला जाऊन तीन परीक्षा दिल्या, मग नोकरी, लग्न, रोजचं ठाणे-सीएसएमटी. अधूनमधून खाली काढायचो, 'ना' हा बोल दोनदा वाजवायचो, 'पुडीच (वरचं चामडं) गेलीय' म्हणायचो आणि परत वर.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई, तबलानवाज झाकीर हुसेन, गेले. लोकलमध्ये जो तो मोबाईलवर त्यांचं वादन बघत होता. मला आठवला मुंबईच्या षण्मुखानंद हॉलमधला ३ फेब्रुवारी. त्यांच्या वडिलांच्या, उस्ताद अल्लारखाँच्या बरसीला तिथे सकाळपासून कार्यक्रम असायचा. करोनाच्या आधी एकदा शीवला उतरून गेलो होतो. लोकांना झाकीरभाईंची बोटं आठवतात, मला हातोडी. वाजवायच्या आधी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी विणीवर टकटक, कान खाली. हॉल गच्च भरलेला, आणि हा माणूस एका घराच्या (पुडीच्या कडेच्या एका भागाच्या) सुरासाठी थांबलेला. मध्येच जरा उतरला की पुन्हा हातोडी. वय पासष्टीच्या पुढे. लहानपणी वडील पहाटे तीनला उठवून बोल शिकवायचे, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. आमची साडेसहाला दूध घ्यायला उठायची मारामार.

जानेवारीत जोडी मांडीवर घेऊन रिक्षाने काकांकडे गेलो. (गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही.) दुकान म्हणजे एक गाळा, त्यात माणूस कमी आणि तबल्यांची लाकडी खोडं जास्त. काकांनी चाटेवर, पुडीच्या काठावर दोन बोटं मारली. "साहेब, चामडं सुकलंय, खरंय. हातही सुकलाय. पुडी मी बदलून देतो."

चौकशीला गेलो की तिथेच स्टुलावर बसायचो. पुडीच्या मधली काळी शाई भरताना जरूर बघा. लोखंडाची पूड आणि खळ यांचा काळा लगदा, त्याचा बोटाने पातळ थर, मग गुळगुळीत दगडाने घोटणं. सुकला की वर दुसरा, आधीच्यापेक्षा किंचित लहान. मी बारापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. घोटता घोटता शाईला केसासारखे तडे जातात. मला वाटलं बिघडली. काका म्हणाले, "तडे नसतील तर बोलणार कशी?"

दहाव्या दिवशी पुडी चढवून तयार होती. पैसे काढले, तेवढ्यात काकांनी पुन्हा ठोकून बघितलं आणि वादी, म्हणजे पुडी ताणणारा चामडी पट्टा, सोडायला घेतली. "एक घर बसत नाहीये." मला काडीचा फरक ऐकू येत नव्हता. चिडलो. स्टार कापायचं तेव्हाच ठरवलं होतं, म्हणून कापलाय. पण परत येताना तलावपाळीवर चहा पिताना षण्मुखानंदमधली ती हातोडीच डोळ्यांसमोर येत होती.

आता पहाटे साडेपाचला बसतो. पहिली दहा मिनिटं पेटीच्या काळी एक पट्टीला सूर लावण्यात जातात. पूर्वी हे मी सरळ टाळायचो. मग एकच कायदा (बोलांची ठरलेली रचना), 'धाधा तिरकिट', बराबरीत, म्हणजे एकपट लयीत. दुगुनीला अजून हात लावलेला नाही. डग्ग्यावर टॉवेल टाकतो, तरी खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलंच, "पाण्याचा पंप बिघडलाय का रे?"

खर्च : तबल्याची पुडी नवी वादी धरून १४००, डग्गा नुसता ओढून २००. गूगल पे चालतं.

पावसाळ्याच्या आधी जा. हवा दमट झाली की चामडं उतरतं आणि अर्धं ठाणं तबला घेऊन तिथेच उभं असतं. स्वतःची हातोडी सोबत न्या. ती कशी धरायची ते काका दाखवतात, त्याचे पैसे घेत नाहीत.