वाशीतला विजेच्या अंदाजाचा वर्ग: पाचपैकी साडेतीन

तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजची वीजखरेदी मी बघते. उद्याच्या विजेची बोली आज दुपारी बाराच्या आत लावायची, तीही पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकची. अंदाज चुकला की खिशाला चाट. म्हणून वाशी स्टेशनजवळच्या या शनिवार-रविवारच्या वर्गाला साडेचार हजार भरले. ‘देशाची वीज आणि तेलाची मागणी’ असं नाव होतं.

सुरुवात यथातथाच. विजेचा वर्ग, चौदा जण आणि प्लग पॉइंट तीन! साडेअकराला माझ्या लॅपटॉपने मान टाकली.

मग सरांनी ५ एप्रिल २०२०ची रात्र उघडली. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, उतरली ३१ हजारांनी. जलविद्युत केंद्रांनी झपाट्याने उत्पादन खाली-वर केलं म्हणून ग्रिड तगलं. त्या एका आलेखावर आमचा अर्धा तास गेला, आणि तिथेच माझे निम्मे पैसे वसूल झाले.

उरलेले गृहपाठात. रविवारच्या देशव्यापी मागणीचा अंदाज करायचा होता. मी तापमान घातलं, सुट्टी घातली, खुशीत दाखवलं. सर म्हणाले, “मॅडम, तापमान कुठलं?” वाशीचं! “अहो, एसी दिल्ली-लखनौत चालतात, देश काय वाशीत राहतो?” वर गेल्या रविवारचे आकडे नुसते उतरवून काढणारा शेजारचा मुलगा माझ्यापेक्षा जवळ आला. आधी या नकलेला हरवा, मग मॉडेलच्या गप्पा मारा, हा त्यांचा धोशा. दोन टक्के चूक मला किरकोळ वाटायची. पण मे २०२४मध्ये देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटला भिडली होती. त्याचे दोन टक्के म्हणजे पाच हजार, कोयनेच्या अडीच पट.

तेलाचा भाग मात्र उरकला. खपाचे अधिकृत आकडे महिन्याने येतात, म्हणजे वर्षाला बाराच. पावसाळ्यात शेतीचे पंप आणि बांधकामं थंडावली की डिझेल उतरतं. एवढं सांगून चहा. जाहिरातीत तेल निम्मं होतं, त्याचा दीड तारा कापला.

जाणार असाल तर एक्स्टेंशन बोर्ड न्या. सरांची एक्सेल फाइल मी रोज उघडते. काल गेल्या बुधवारच्या नकलेने मला पुन्हा हरवलं.