चेरीची डार्क सावर, दिवाळी ते मे: मुरलेली आंबट आणि बिघडलेली आंबट

पुण्यातल्या एका दुकानातून गेल्या महिन्यात बॅरलमध्ये मुरवलेली, चेरी घातलेली डार्क सावर, म्हणजे मुद्दाम आंबट केलेली गडद बीअर, घेतली. सांगलीला आणून उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा. फेस ओततानाच बसला, चेरीचा पत्ता नाही आणि शेवटी जिभेवर ओल्या पुठ्ठ्याची चव. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सर, सावर आहे ती. आंबटच लागणार." मी म्हटलं, आंबटपणाची तक्रारच नाही, पुठ्ठ्याची आहे. "उघडलेली बाटली परत घेत नाही." सातशेच्या वर पैसे गेले. त्याहून जास्त राग या उत्तराचा आला, कारण हे उत्तर देऊन या प्रकारातली कुठलीही सडलेली बाटली खपवता येते.

मी ही बीअर दिवाळीपासून पितोय. भाचा बेल्जियमात गेंटला नोकरीला आहे, तो येताना घेऊन आला. परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. हिशेब त्यानेच केला होता, पोरगं आमच्यावर गेलंय. तिकडे बाटली इथल्या निम्म्यानेही पडत नाही.

पहिली बाटली पाहुणे असताना उघडली. फ्रिजमधून काढली की ओतली, आपल्याकडे बीअर अशीच पितात. सगळ्यांचं एकच मत पडलं की व्हिनेगर आहे. माझंही तेच झालं. रंग सुंदर, काळपट तांबडा, पण घोट घेतला की दात आंबायचे. शेजारच्यांनी त्यात साखर घालायला सुचवलं. त्या रात्री मी मनातल्या मनात पाचपैकी दोन तारे दिले होते.

भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, थंडगार पिऊ नका. फ्रिजमधून काढून ठेवा जरा, आणि ग्लास मोठा घ्या." तेवढ्याने चित्र पालटलं. चार-पाच अंशांवर जिभेला फक्त आम्ल कळतं. दहा ते तेरा अंशांवर आली की आधी चेरी, मग बेदाण्याचा गोडवा, मग कडवट बदामासारखा वास. हा बदाम बाहेरून घातलेला नसतो. चेरी बियांसकट बीअरमध्ये पडून राहिली की बीमधून तो वास उतरतो. व्हिनेगर असतंच, पण पाठीमागे, फोडणीत हिंग असावा तेवढं. तेव्हापासून मी दुधाचा थर्मामीटर वापरतो. डिसेंबरात बाटली पाऊण तास बाहेर ठेवावी लागायची, आता मेमध्ये वीस मिनिटं पुष्कळ झाली. सांगलीतल्या माणसाने घड्याळाकडे लक्ष ठेवावं, कारण पंधरा अंशांच्या वर गेली की दारूची धग नाकात येते आणि गोडवा चिकट लागतो.

आता आंबटपणाबद्दल, कारण भांडण त्यावरून झालं. या बीअरमध्ये दोन आम्लं असतात. एक लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं, जे लॅक्टोबॅसिलस आणि पीडियोकॉकस हे जिवाणू करतात. ते गोल आणि मऊ असतं. दुसरं ॲसिटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं, आणि ते करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. म्हणून तर ओकचं लाकूड. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसलारा गावी अशीच आंबट बीअर करणारी, १८२१ पासूनची रोडेनबाख ब्रुअरी आहे. तिथे माणसापेक्षा कितीतरी उंच असे २९४ ओकचे पिंप उभे आहेत, काही दीडशे वर्षांहून जुने. इतक्या जुन्या पिंपातून लाकडाची चव फारशी येत नाही. लाकडातून हवा मात्र झिरपते, अगदी थोडी, दोन-दोन वर्षं, आणि तेवढ्यावर ब्रेटानोमायसिस हे यीस्ट जगतं. हे यीस्ट १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून क्लाउसेन यांनी जगापुढे आणलं. रोडेनबाखच्या ग्राँ क्रू नावाच्या बीअरमध्ये दोन भाग जुनी आणि एक भाग नवी बीअर मिसळतात. म्हणजे किती आंबट ठेवायचं हे कुणीतरी चाखून ठरवतं. हवा जास्त गेली, आम्ल चढलं, की ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल मिळून तो नेलपॉलिशचा वास तयार होतो. पुठ्ठ्याची चव वेगळी. ती बाटली गरम जागी पडून राहिल्याची खूण. दुकानात ती बाटली काचेजवळ ट्यूबलाइटखाली उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एसी रात्री बंद होत असणार.

चेरीबद्दलही आपल्याकडे गैरसमज भरपूर. केकवरची लाल चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. काश्मीरची येते ती गोड चेरी. या बीअरमध्ये पडते ती आंबट चेरी, जात वेगळी, आणि गोडी यीस्टने खाऊन टाकलेली असते. मेमध्ये महाबळेश्वरच्या वाटेवर पानाच्या द्रोणात काळी करवंदं मिळतात. त्यांचा आंबट-तुरटपणा याच्या जवळचा आहे. सिरपसारखं काही हवं असेल त्याने पैसे घालवू नयेत.

माझं मत जानेवारीपर्यंत असं होतं की ही वाइनसारखी ठेवून द्यावी, मुरेल. आता तसं वाटत नाही. आंबट डार्क बीअर टिकते हे खरं, पण फळ टिकत नाही. दिवाळीतल्या बाटलीत चेरी समोर उभी होती. मार्चमधलीत ती मागे सरकली होती आणि बेदाणा, लाकूड, बदाम पुढे आले होते. ती मार्चमधलीही मला आवडली, खरं तर जास्तच आवडली. पण ज्यासाठी चेरीचे पैसे मोजले ती चेरी कमी होत होती. माझ्या बाटल्या सगळा वेळ फ्रिजच्या खालच्या खणात, उभ्या, कागदात गुंडाळून होत्या. चाळीस अंशांच्या सांगलीत कपाटात ठेवल्या असत्या तर काय झालं असतं, ते पुण्याच्या बाटलीने सांगितलं.

खाण्याचं थोडक्यात. भडंग नको, अजिबात नको. लसूण-तिखट आणि हे आम्ल एकत्र आलं की घशात आग. तिखट सुक्क्याबरोबरही बीअर मरते. मीठ लावलेले काजू, साधं चीझ, आणि तासगावच्या बाजूचा चांगला बेदाणा. बेदाण्याने माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा वर येतो आणि व्हिनेगर खाली बसतं.

इथल्या दुकानातून घ्यायचीच असेल तर बाटली मागून काढायला लावा, तारीख वाचा, मानेतली पातळी बघा. बिल ठेवा आणि वास खराब आला तर एक घोट घेऊन थांबा, सगळी संपवून तक्रार करू नका. मी ग्लासभर सोडून बाकीची बूच लावून ठेवली होती, तरी दाद मिळाली नाही. त्या दुकानाची पायरी मी परत चढणार नाही. भाच्याची शेवटची बाटली खालच्या खणात आहे. ती जून उजाडायच्या आत उघडणार, आणि या दिवाळीला त्याला चेरीच्या चार आणि बिनचेरीच्या दोन आणायला सांगितल्यात. बिनचेरीच्या दोन खुशाल वर्षभर ठेवीन.