टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि बिलातलं ‘इंजिन ऑइल’

खानापूर तालुक्यात काजूच्या बुडातलं गवत मारायला हल्ली बऱ्याच घरांत ब्रश कटर आलंय. हंगाम सुरू झाला की बेळगावातल्या दुरुस्तीवाल्यांकडे ही मशिनं येऊन पडतात, आणि घाईच्या गिऱ्हाइकाला काहीही सांगता येतं. मला काय सांगितलं ते लिहितो. दुकानाचं नाव देत नाही.

मशीन चालू व्हायचं, स्लोमध्ये नीट चालायचं, पण रेस दिली की गुदमरायचं. दुकानदाराने दोरी ओढली आणि उघडूनही न बघता निकाल दिला, “काका, पिस्टन-रिंग गेल्यात बघा. ब्लॉक किट घालायला लागतंय.” (ब्लॉक किट म्हणजे सिलिंडर, पिस्टन आणि रिंगांचा संच.) मशीन परत आलं तेव्हा चांगलं पळत होतं. बिल ३,८०० रुपये : किट, प्लग, एअर फिल्टर, मजुरी, आणि ‘इंजिन ऑइल ४५०’.

गावातल्या मोटरसायकलच्या मिस्त्रीने ते बिल बघितलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून हसायलाच लागला. टू-स्ट्रोक इंजिनात बदलायला वेगळं ऑइल नसतंच. पेट्रोलमध्ये मिसळतो ते टू-टी ऑइल हेच त्याचं वंगण, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. (फोर-स्ट्रोक मशिनाला खाली ऑइल असतं, ते बदलावं लागतं. आपलं कुठलं ते पुस्तिकेत बघून ठेवा.)

मग त्याला किटचाही संशय आला. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. दोरी हळूहळू ओढली की रिंगाही समोर येतात. पिस्टन जुनाच होता, वर तपकिरी थर, पण ओरखडा एक नाही. रिंगा शाबूत. ब्लॉकच्या बोल्टांवर तेल-मातीचा जुना लेप तसाच, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची बारीक जाळी असते, ती तेवढी तारेच्या ब्रशने नुकतीच घासलेली. म्हणजे काजळीने जाळी बुजली होती, धूर बाहेर पडत नव्हता, म्हणून मशीन रेस घेत नव्हतं. ३,८०० रुपयांत झालेलं खरं काम एवढंच.

काजळीचं एक कारण जास्तीचं ऑइल. पुस्तिकेत ५० ला १ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) लिहिलं असेल तर लिटरला २० मिली पुरे. “थोडं जास्त घाला, इंजिन टिकतंय” हा सल्लासुद्धा त्याच दुकानातला.

जुना पिस्टन मागितला तर “भंगारात गेला.” ऑइलचे ४५० मात्र लगेच काढून दिले, पोराने चुकून लिहिलं म्हणे. किटचा विषय काढल्यावर आवाज चढला. बिल साध्या कागदावरचं असलं तरी त्याच्याच अक्षरातलं आहे, आणि बोल्टांचे फोटो मिस्त्रीने पुसायच्या आधी काढून ठेवलेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही.

आता मशीन दुरुस्तीला देताना ब्लॉकच्या बोल्टांवर नेलपॉलिशचे ठिपके देतो आणि काढलेला पार्ट परत हवा, हे आधीच चिठ्ठीवर लिहून घेतो. एका दुकानाने तेवढ्यावरच मशीन ठेवून घ्यायला नकार दिला. पहिल्या दुकानदाराचा मध्यंतरी निरोप आला, निम्मे पैसे घ्या आणि मिटवा. मी पूर्ण मागितलेत.