मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल: इंदूरला मागवलं, अनुभव सांगतेय

इंदूरला मराठी बायबल दुकानात पटकन मिळत नाही, हिंदी मिळतं, म्हणून ऑनलाइन मागवलं. अक्षर खरंच मोठं आहे, सासूबाई आरामात वाचतात. पण पान फार पातळ, पेन्सिलनेच खुणा करा, आणि पॅकिंग अगदीच साधं होतं, कोपरा दुमडून आला. सेलरने जरा लक्ष द्यायला हवं.

आता मुख्य गोष्ट. घरात कुणी दारू सोडायचा प्रयत्न करत असेल तर याकोबाच्या पत्रातलं ४:७ (चौथा अध्याय, सातवं वचन) आधी वाचा. सैतानाला अडवा असं तिथे आहेच पण त्याच्या आधी देवाच्या अधीन व्हा असं आहे, लोक नेमकं तेच सोडतात आणि नुसत्या जिद्दीवर लढायला जातात. आमच्या घरात दीरांना याचाच आधार झाला, डॉक्टरांची औषधं चालू ठेवून बरं का, ती बंद करू नका! मग पेत्राचं पहिलं पत्र, ५ वा अध्याय. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय म्हणून सावध राहा असं सांगणारा हा येशूचा शिष्य, तोच पेत्र ज्याने येशूला ओळखायला तीनदा नाकारलं होतं, आणि योहानाच्या शुभवर्तमानात, २१ व्या अध्यायात येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि पुन्हा कामाला लावतो. पडलेल्या माणसाला देव असा उभा करतो हे वाचून मला रडूच आलं.

भाषा थोडी जुनी वाटेल, सवय होते. झिपवालं कव्हर मात्र वेगळं घ्या.